तळघराचं काम तळघराबाहेर

(जुळे सोलापुरातल्या रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. श्रोत्यांचे प्रश्न ओघातच घेतले आहेत.)

नमस्कार मंडळी. उकाड्यात एवढी गर्दी झाली, म्हणजे बऱ्याच जणांच्या घराखाली ती अर्धवट खोली आहे असं मी धरून चालतो.

आपल्याकडच्या बंगल्यांत ही गोष्ट नेहमीची आहे. बांधकाम सुरू असताना हौसेनं तळघर काढायचं, वरचा मजला होईस्तोवर पैसे संपायचे, आणि खाली विटांची नाहीतर काँक्रीटची उघडी भिंत तशीच राहायची. मग तिथे काय जातं? सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या, रंगाचे डबे, लग्नातली मोठी पातेली, मोडकी सायकल, आणि जिन्याखाली पाण्याचं एखादं पिंप. वर मात्र मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकलेला. पोरांना दुपारी बाहेर सोडता येत नाही आणि घरात ठेवलं की मोबाइल सुटत नाही. खाली उतरलं की त्यामानानं गारवा. तेव्हा कॅरम, पुस्तकं, एक टीव्ही आणि पाहुण्यांनाही बसता येईल अशी जागा खाली करावी, हा विचार अगदी रास्त आहे. जमिनीतलं तापमान बाहेरच्या हवेसारखं दुपारी भडकत नाही, त्यामुळे हा गारवा फुकटचा आहे.

लोक मला बोलावतात आणि आधी मोबाइलमधले फोटो दाखवतात. फॉल्स सीलिंग, लाकडी फ्लोअरिंग, निळे दिवे. मी म्हणतो, ते राहू द्या, आधी बाहेर चला, घराला एक फेरी मारू. कारण तळघराचं निम्म्याहून जास्त काम तळघराच्या बाहेर असतं, आणि कमी पैशात करायचं असेल तर ते आधी करावं लागतं.

मागे एका काकांनी मला विचारलं होतं, "साहेब, सोलापूरसारख्या कोरड्या गावात ओलीचं कसलं भ्या?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर. कोकणाच्या मानानं काहीच नाही. पण तो पडतो कसा ते बघा. जून-जुलै बऱ्याचदा नुसते ढग, आणि सप्टेंबरात मोठे पाऊस. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटरची एक सर पडली की सुमारे २३०० लिटर पाणी होतं. ते पन्हाळीच्या पाइपानं खाली येतं. पाइप कुठे संपतो? नव्वद टक्के घरांत भिंतीच्या बुडाशी, असं मी म्हटलं तर ती आकडेवारी समजू नका, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते आणि भिंतीपासून सुटते. भिंत आणि माती यांच्यात बोटभर फट पडते. पहिला जोराचा पाऊस त्या फटीतून थेट पायाकडे जातो. मग माती फुगते, फट मिटते, आणि आत शिरलेलं पाणी भिंतीला टेकून बसून राहतं. मुरमाची भर असेल तर ते निचरून जातं, काळ्या मातीची असेल तर दिवाळीपर्यंत भिंत ओली.

दुसरं पाणी आपण स्वतः साठवलेलं. नळ काही दिवसांच्या अंतरानं येतो, म्हणून प्रत्येकाच्या अंगणात जमिनीखालची टाकी आहे, आणि जागा वाचवायला ती नेमकी तळघराच्या भिंतीला लागून बांधलेली. पाऊस चार महिन्यांचा, टाकी बारा महिन्यांची. उन्हाळ्यातही तळघराचा एकच कोपरा ओला दिसत असेल तर पावसाला दोष देऊ नका. रात्री पंप बंद करा, टाकीत काठी सोडून पाण्याची रेघ खडूनं आखा आणि सकाळी कोणी पाणी उपसायच्या आधी पुन्हा बघा. रेघ खाली आली असेल, तर गळती टाकीची आहे. टाकी रिकामी करून आतून दुरुस्त करणं हा तळघराचाच खर्च धरा. तो वाचवून आत रंग मारला तर तो रंग पुढच्या वर्षी परत मारायचा, एवढंच.

बाहेरची कामं साधी आहेत. पन्हाळीचं पाणी पाइप वाढवून भिंतीपासून लांब न्या. शोषखड्डा किंवा बोअरचं पुनर्भरण करायचं असेल तर तेही तळघरापासून दूर, कारण भिंतीशेजारी खड्डा करून त्यात गच्चीचं पाणी सोडणं म्हणजे तळघराला नळजोडणी देणं. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी करा आणि तिला बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार द्या. आणि हो, भिंतीला चिकटून लावलेली ती हौसेची कर्दळ नि अळू. कुंडीत हलवा. रोज संध्याकाळी पाइप धरून आपणच पायाला पाणी पाजतो.

आता आत येऊ. भिंत ओली दिसतेय, पण ओल नेमकी कुठली? दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. मग बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, पाण्याच्या गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तशी. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्याला बाहेरची दुरुस्ती आणि भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा सिमेंटी लेप. दुसऱ्याला फक्त हवा. पाच रुपयांचं प्लॅस्टिक हजारोंचा चुकीचा खर्च वाचवतं, तरी हे करायला लोक कंटाळतात. फरशीवरही हाच प्रयोग करा.

गावातल्या जुन्या पेठांत ज्यांचे वाडे आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. तुमची भिंत काळ्या दगडाची आणि चुन्यातली. तिला लोणा लागला, पांढरी भुकटी सुटली, की गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा मारून टाकू. मारू देऊ नका. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत असते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल वर चढते आणि तळघराची ओल दिवाणखान्यात दिसते. पोपडे खरवडा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा (पाण्यानं धुतला तर क्षार परत आत जातात), भिंत वाळू द्या आणि चुन्याचाच गिलावा करा. वर डिंक घातलेली चुन्याची सफेदी. स्वस्त आहे, उजेड परतवते आणि चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. ऑइलपेंट तर कोणत्याच तळघराला नको.

हवेचं बोलतो. एका भिंतीला खाली झरोका, समोरच्या भिंतीला वर एक्झॉस्ट पंखा. हवा खोलीच्या आरपार गेली पाहिजे. झरोका आणि पंखा एकाच भिंतीत शेजारी-शेजारी बसवले तर पंखा झरोक्यातलीच हवा ओढतो, खोली तशीच कोंदट. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, तेव्हा रात्री आणि पहाटे सगळं उघडा, दुपारी बंद ठेवा. पावसाळ्यात मात्र "जरा हवा येऊ द्या" म्हणून दमट दिवसभर झरोके सताड उघडे ठेवले, की बाहेरची वाफ आत येऊन गार भिंतीवर पाणी होते. अशा दिवशी बंद बरे.

इथेच जिवाची गोष्ट सांगून टाकतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली उतरतो आणि तळघरात साचतो. त्यामुळे रिकामा म्हणूनसुद्धा सिलिंडर खाली ठेवायचा नाही. कोळशाची शेगडी नाही, जनरेटर नाही. त्यांचा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती वर मोकळ्या हवेत ठेवा. वायरिंगला ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं बटण, हवंच, आणि प्लगपॉइंट कमरेच्या उंचीवर घ्या. या बाबतीत घासाघीस नको.

नियमांचंही. महापालिकेकडून मंजूर झालेला नकाशा काढा आणि तळघराचा वापर काय लिहिलाय ते वाचा. झोपायची खोली किंवा स्वयंपाकघर हे तळघराचे वापर नव्हेत. बदल करण्याआधी आपल्या इंजिनियरकडून विचारून घ्या. छताची उंची २.४ मीटर, म्हणजे जवळपास आठ फूट हवी. उंची कमी आहे म्हणून जमीन खोदून ती वाढवायची युक्ती काही कंत्राटदार सुचवतात. पायाच्या बुडाखालची माती सुटली तर वरचं घर बसतं. तसं सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

एवढं झालं की सजावटीला थोडेच पैसे उरतात, आणि थोडेच पुरतात. फरशीसाठी शहाबादी घ्या. शहाबाद आपल्याला जवळ, त्यामुळे वाहतूक फार पडत नाही. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर मसाल्यात शहाबादी. प्लायवूड, लाकडी फ्लोअरिंग, जिप्सम बोर्ड यांना मी हात जोडतो. ओल आणि वाळवी दोन्ही त्यांची वाट बघत असतात. कपाट लोखंडी, पाय विटेवर, भिंतीपासून चार बोटं सुटं.

उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. कॅरमची सोंगटी आपटली तरी कान बसतात. त्याला महागडे फोमचे पॅनल कशाला? आपण चादरींच्या गावात राहतो! सेकंड माल घ्या. विणीत एखादा धागा चुकलेला असतो, भिंतीवर कोणाला दिसणार आहे? जीआय पाइपाला कड्या लावून चादर पडद्यासारखी सोडा, पण भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे. चिकटून लावली तर मागे हवा फिरत नाही आणि महिनाभरात कुबट वास येतो. जाड विणीची चादर घुमणारा आवाज बराच खाते. मळली की धुवायची. पूर्व भागातल्या ज्यांच्या घरी जुन्या हातमागाचा लाकडी सांगाडा पडून आहे त्यांनी तो भंगारात घालू नये. वाळवी तपासून त्याचं छान बाकडं होतं. लाकूड मी नको म्हणालो ते नव्या प्लाय आणि फ्लोअरिंगबद्दल. मुरलेल्या जुन्या लाकडाची बात वेगळी.

ताई, तुमचा हात कधीचा वर आहे. "एकदम सगळं जमणार नाही, मग क्रम काय?" या उन्हाळ्यात फक्त बाहेरची कामं आणि टाकी. मग पावसाळा पूर्ण जाऊ द्या. सप्टेंबरात खाली काहीही न ठेवता भिंती बघत राहा, जिथे ओल दिसेल तिथे खडूनं तारीख लिहा. आतलं काम दिवाळीनंतर. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतील तोवर खोली बसण्याजोगी होईल. ज्यांना यंदाच्या मेमध्येच मुलांना खाली पाठवायचंय त्यांनी सफेदी करून सतरंजी अंथरावी, बाकी काही विकत घेऊ नये.

आणि मागून तो मुलगा विचारतोय, टेबल टेनिसचं टेबल बसेल का? बाळा, टेबल नऊ फूट बाय पाच फूट. दोन्ही टोकांना मागे सरायला निदान पाच-पाच फूट धर, म्हणजे एकोणीस फूट लांबी झाली. तुमची खोली किती, पंधरा? मग कॅरम. पंधराच्या खोलीत टेबल घातलं तर पाठ भिंतीला लागेल आणि भांडण आईपर्यंत जाईल. वीस फुटांची असेल तर जरूर घ्या, फक्त विकत घ्यायच्या आधी जिन्याचं वळण टेपनं मोजा. टेबलाचे दोन भाग सुटे होतात, पण एकेक भागही साडेचार बाय पाचचा असतो.