बाटली परत द्यायची राहिली

(दृश्य : खिडकीपाशी जाड, हिरवट काचेची रिकामी बाटली. एक हात ती उचलून हलवतो. आत गोटी खुळखुळते.)

ही बाटली माझी नाही.

अकरा वर्षं ती माझ्याजवळ आहे. पुण्यात मी तीन खोल्या बदलल्या. प्रत्येक खोलीत पुस्तकांच्या फळीवर तिची जागा आधी ठरायची, मग बाकीचं सामान लागायचं. येणारा-जाणारा ती उचलायचा, हलवून बघायचा. कुठली, असं विचारलं की मी म्हणायचो, कोल्हापूरची. खरं तर ती कोल्हापूरचीही म्हणता येणार नाही. ती आमच्या शिवाजी पेठेतल्या मामांच्या दुकानाची. आज ती परत द्यायला चाललोय.

(दृश्य : पहाटेची एसटी. पंचगंगेचा पूल. मग पेठेतली गल्ली, निळ्या दाराचं छोटं दुकान.)

मामा म्हणजे सगळ्या पेठेचे मामा. माझ्या वडिलांचेही मामा आणि माझेही. दुकान जेमतेम दहा पावलांचं. एका भिंतीला क्रेट, दुसऱ्या भिंतीला मशीन, मध्ये बर्फाची पेटी. फळीवर लेमन, ऑरेंज, जिरा असं सगळं असतं, पण लोक येतात ते जिंजरसाठी.

आमच्याकडं आलं वेगळं आणि जिंजर वेगळी. आलं चहात पडतं. जिंजर म्हणजे गोटीच्या बाटलीतला, पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचा सोडा. पहिल्या घोटाला नाकात जातो, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आणतो आणि तिसऱ्यापासून मात्र माणूस बाटली खाली ठेवत नाही.

(दृश्य : पाट्यावर ठेचलं जाणारं आलं. पातेल्यात उकळणारा पाक. गुळाचा खडा.)

बाजारात तयार इसेन्स मिळतो. तो मामांनी कधी दुकानात आणला नाही. ओलं आलं ठेचायचं, फडक्यातून पिळायचं आणि तो रस साखरेच्या पाकात घालायचा. पाकात एक खडा गूळ. रंग येतो तो त्या गुळाचा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाची बाजारपेठ उभी केली, तेव्हापासून हे गाव गुळावर वाढलंय. आमच्या जिंजरमध्ये गूळ नसता तरच नवल. थंडीत मामा चिमूटभर सुंठही घालतात. ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं. आलं वाळलं की त्यातल्या काहीचं शोगाओल होतं, आणि ते जास्त झणझणीत. मामांना ही नावं ठाऊक नाहीत. ते म्हणतात, "सुंठ घशात बसती, आलं जिभंवर नाचतं." दोन्ही गोष्टी एकच.

(दृश्य : मशीनच्या लोखंडी चौकटीत अडकवलेल्या बाटल्या. हात दांडा फिरवतो. बाटल्या उलट्या होतात.)

आता नीट बघा. बाटलीत पाक आणि गार पाणी भरलंय. ती चौकटीत अडकवली, सिलिंडरचा गॅस सोडला आणि दांडा फिरवला. बाटली उलटी झाली की गोटी आपल्या वजनानं तोंडाकडं येते, तिथल्या रबरी वायसरवर बसते, आणि आतला गॅस तिला तिथंच दाबून धरतो. बूच नाही, पत्रा नाही. आतला जोरच बाटलीचं झाकण. हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. आता ती जपानात दिसते, दिल्लीत दिसते, तामिळनाडूत दिसते आणि आमच्या गल्लीत दिसते.

बाटलीच्या गळ्याला दोन खळ्या असतात. पिताना त्या खालच्या अंगाला ठेवायच्या, म्हणजे गोटी त्यांच्यात अडकून राहते आणि वाट मोकळी होते. खळ्या वरच्या अंगाला राहिल्या तर गोटी तोंडाशी येऊन सोडा अडवते. मी सहा वर्षांचा असताना आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, माझा हात धरून बाटली फिरवून दिली होती. मला पोहायला कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण हे लख्ख आठवतं.

(दृश्य : खासबाग मैदान, रिकामं. लाल माती. वर चढत जाणाऱ्या पायऱ्या.)

आबा कुस्तीवेडे. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, वाटेत त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि परतल्यावर १९०७ ते १९१२ या काळात हे खासबाग उभं राहिलं. आखाडा खोलात, माणसं वर. कुठंही बसा, पैलवानाची पकड दिसते. कुस्ती सुटली की आबा मला खांद्यावर घेऊन गर्दीतून बाहेर काढायचे, आणि घराकडं वळण्याआधी मामांकडं एक जिंजर व्हायची. पैलवान हरलेला असला तर आबा काही बोलत नसत. बाटली संपल्यावर एकच वाक्य बोलायचे : "पुढच्या वेळंला बघू."

(दृश्य : भाऊसिंगजी रोड, सकाळची वर्दळ.)

सोडा आणि शाहू महाराज यांच्यातली आणखी एक गोष्ट या गावात सांगतात, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेतले नोकर. अस्पृश्य म्हणून गणलेल्या जातीतले. पाण्याला शिवले एवढ्यासाठी त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं करून स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराजांची गाडी तिथं थांबायची. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. पुढं सोडावॉटरचं मशीनही महाराजांनीच घेऊन दिलं, अशी आठवण कोल्हापुरात अजून सांगतात.

मामांच्या दुकानात उभं राहिलं की मला ही गोष्ट आठवते. इथं ग्लास मिळत नाही. एकच बाटली सकाळी हमालाच्या ओठाला लागते, धुतली जाते, दुपारी वकिलाच्या ओठाला लागते. कोण आधी प्यायलं हे कुणी विचारत नाही. ज्या गावात पाण्याला शिवल्याबद्दल माणसाला मारलं होतं, त्याच गावात हे घडतंय. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

(दृश्य : शाहू स्टेडियम, फुटबॉलचा सामना. ढोल, झेंडे.)

पेठांची ईर्ष्या मात्र आहे, आणि ती असावीच. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम हे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की अख्खं गाव दोन बाजूंना बसतं. मंगळवार पेठेतला माझा एक जिवलग मित्र शपथेवर सांगतो की खरी जिंजर त्यांच्याकडंच. त्याच्या गल्लीत मी अनेकदा सोडा प्यायलोय. पण तिथं मी लेमन घेतो. जिंजर कधीच नाही. तो आमच्याकडं आला की तोही लेमनच मागतो. आम्ही दोघं यावर एकदाही बोललेलो नाही.

मटणाच्या जेवणानंतरही इथं गर्दी होते. तांबड्या रश्श्यानं कान गरम झालेले असतात. खरं बघता सोडा तिखट उतरवत नाही. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध काहीतरी लागतं, म्हणून नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा जास्त उपयोगाचा. आल्याचा झणका तर जिभेच्या त्याच जागेला लागतो, जिथं मिरची लागलेली असते. तरीही माणसं जिंजरच मागतात. जाळ आणि धूर संगटच, असं आम्ही उगाच म्हणत नाही.

(दृश्य : जुन्या दुकानांच्या पाट्या, फ्रिजमधल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.)

कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेली, १९९३ मध्ये परत आली. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट तिच्या हाती गेले. मग प्लॅस्टिकची बाटली आली. विकत घ्या, चालता चालता प्या, टाकून द्या. मामांचं गिऱ्हाईक त्या काळात निम्म्यावर आलं. जिंजर पार्सल मिळत नाही ना. इथं उभं राहावं लागतं, प्यायला लागेल तेवढा वेळ द्यावा लागतो, बाटली परत ठेवावी लागते. त्या वेळात कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची मुलगी पास झाली, हे सगळं कळतं. म्हणूनच पेठेनं हे दुकान सोडलं नाही, असं मला वाटतं.

मीच एक बाटली बाहेर नेली. पुण्याला नोकरी लागली तेव्हा. मामांना म्हटलं, एक संगं न्हेऊ का? त्यांनी बर्फातली सगळ्यात गार बाटली काढून पुसली. "ने. पर आठवणीनं परत आण बाळ."

पुण्यात पहिल्याच रात्री मी गोटी दाबून ती उघडली.

(दृश्य : चिखलानं माखलेला क्रेट, जुना फोटो.)

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, पुण्याहून यायला वाट नाही. दुकान उंचावर म्हणून वाचलं, पण मामांच्या बाटल्या दुधाळीकडच्या एका खोलीत होत्या, आणि ती खोली छतापर्यंत बुडाली. रस्ता सुटल्यावर मी आलो, तेव्हा गल्लीतली पोरं ओळीनं बसून बाटल्या धूत होती. मीही बसलो. काच चिखलाला दाद देत नाही, पण गोटीच्या खोबणीत अडकलेला गाळ काढायला एकेका बाटलीला पाव तास लागत होता. मंगळवार पेठेतला तो मित्रही शेजारी बसला होता, त्याच्या गल्लीतल्या चौघांना घेऊन.

संध्याकाळी मामांनी मोजदाद केली. बावीस क्रेट गेले होते. भिंत पडली त्याखाली फुटले. या बाटल्या आता सहज मिळत नाहीत. मामा एवढंच म्हणाले, "एकेक बाटली लागणार आता."

माझी बाटली तेव्हा पुण्यात फळीवर होती. मी काही बोललो नाही. पुढं सहा वर्षं मी दर खेपेला ती आणायची ठरवलं, आणि दर खेपेला निघताना ती फळीवरच राहिली. तिच्याशिवाय त्या खोलीत माझं म्हणण्यासारखं फार काही नव्हतं.

२०२५ मध्ये बातमी वाचली, गोटी सोडा आता अमेरिकेला आणि आखाती देशांत निघालाय. बरं वाटलं. पण मनात पहिला प्रश्न आला तो एवढाच : तिथून बाटल्या परत कशा येणार? आणि मग माझ्या फळीकडं लक्ष गेलं.

(दृश्य : दुकान. मामा खुर्चीत. निवेदकाचा हात बाटली पुढं करतो.)

मामांनी बाटली हातात घेतली. उजेडाकडं धरली. तळाशी अंगठा फिरवला, गळ्यात बोट घातलं.

"वायसर वाळलाय हिचा."

डब्यातून नवा वायसर काढून बसवला. बाटली दोनदा धुतली. पाक घातला, गार पाणी घातलं, चौकटीत अडकवली. दांडा फिरला. मला वाटलं, आता ती माझ्याच हातात येणार.

(दृश्य : दप्तर पाठीला लावलेली एक शाळकरी मुलगी दुकानाच्या पायरीवर. मुठीत नाणी.)

"मामा, एक जिंजर."

मामांनी गोटी दाबली. फट्ट. फेस वर आला. त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि खळ्या खालच्या बाजूला येतील अशी फिरवून दिली.

(आवाज : गोटी काचेला लागते. पडदा काळा.)