आनंदाची गिफ्ट आणि दाराबाहेरचा थोरला भाऊ

जय ख्रिस्त मंडळी, कसे आहात सगळे? आणि हो, लगेच "मजेत" म्हणू नका, हा रेडिओ आहे, तुमचं उत्तर मला ऐकू येणार नाहीये, तेव्हा खरं काय ते मनातल्या मनात बोलून टाका.

मुद्दाम विचारलं, कारण आपल्याला एक सवय लागलेली असते, रविवारी चर्चच्या दारात कोणी विचारलं की आपण "प्रेज द लॉर्ड, सगळं छान" म्हणून मोकळे होतो, मग घरी सकाळीच भांडण झालेलं असो नाहीतर रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसो. बायबलमध्ये लिहिलंय ना सर्वदा आनंद करा, मग विश्वासणाऱ्याने तोंड पाडून कसं चालेल? झालं, आनंदाची पण ड्युटी लागली. आज त्याच्यावरच बोलायचंय.

ते वचन आहे फिलिप्पैकरांस पत्रातलं, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातलं, चौथा अध्याय, चौथं वचन, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा." पत्र एवढंसं, चार अध्याय, एका बैठकीत वाचून होतं, पण आनंद हा शब्द त्यात सारखा येतो आणि लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत, पहिल्याच अध्यायात तो स्वतःच्या बेड्यांबद्दल बोलतो, आणि आपण जगू की मरू याचाही विचार तिथेच करतो. आता गंमत बघा, याच पत्रात दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाच्या मित्राची गोष्ट आहे, तो आजारी पडून अगदी मरायला टेकला होता, आणि पौल सरळ कबूल करतो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढे तिसऱ्या अध्यायात तर तो रडत रडत लिहितोय असं म्हणतो. म्हणजे सर्वदा आनंद करा म्हणणारा माणूस रडत होता, घाबरत होता, आणि ते लपवतही नव्हता! हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापत नाही, तिथे फक्त आनंद करा एवढंच येतं.

बरं, फिलिप्पैच्या लोकांना पौलाचा आनंद नुसता ऐकून माहीत नव्हता. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढून बघा. मासेदोनियातल्या त्याच शहरात पौल आणि त्याचा साथीदार सीला यांना चौकशी न करता छड्यांनी फोडून काढलं होतं, आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्री हे दोघे प्रार्थना करतायत, देवाची गाणी म्हणतायत. तिथे एक छोटंसं वाक्य आहे, बाकीचे कैदी ऐकत होते. पुढे तिथे भूकंप होऊन तुरुंगाची दारं उघडतात, पण मला त्या भूकंपापेक्षा हे वाक्य जास्त आवडतं, कदाचित रेडिओवर बोलतो म्हणून असेल. पाठ सोललेली, अंधार, आणि कुठूनतरी गाण्याचा आवाज येतोय.

आता हे कुठून येतं? जबरदस्तीने तर येत नाही, करून बघितलंय आपण सगळ्यांनी. नवा करार ग्रीक भाषेत लिहिलेला आहे आणि त्यात आनंदाला शब्द आहे खारा (आपल्या खाऱ्या दाण्यांशी याचा काही संबंध नाही बरं का), आणि कृपेला शब्द आहे खारिस. दोन्ही एकाच घरातले शब्द. कृपा म्हणजे फुकट मिळालेली गोष्ट, ज्याचं बिल येत नाही ती. गलतीकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायातही तसंच, वाईटाला पौल देहाची "कर्मे" म्हणतो, पण प्रीती, आनंद, शांती यांना आत्म्याचं "फळ" म्हणतो. फळ झाडाला धरतं, ओढून मोठं होत नाही, ओढलं तर फार तर तुटेल.

आणि दिलेली वस्तू असेल तर ती मागताही येते की. स्तोत्र 51 मध्ये दावीद हेच करतो. राजा माणूस, महाल आहे, फौज आहे, गाणारे वाजवणारे आहेत, पण दुसऱ्याच्या बायकोचं, बथशेबेचं प्रकरण झालं, तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा जीव घेतला, आणि आतला हर्ष गेला तो गेलाच, तो काही हुकूम सोडून परत आणता येईना. मग तो आनंदी असल्याचं नाटक करत नाही, देवाला म्हणतो तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे. आधी पापाची कबुली, मग ही मागणी.

कधी कधी न मागताही मिळतो म्हणा. ब्लेज पास्कल माहीत असेल, फ्रेंच गणितज्ञ, शाळेत दाबाच्या धड्यात भेटतो तोच. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री, साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास, त्याला देवाचा असा काही अनुभव आला की त्याने कागदावर तुटक तुटक शब्द लिहिले, त्यात आनंद, आनंद, आनंद, आनंदाचे अश्रू असं आहे. एवढा तर्काचा माणूस आणि धड वाक्यं पण नाहीत! तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता, 1662 मध्ये तो वारल्यावर सापडला. त्या आठ वर्षांत त्याची तब्येत काही धड नव्हती, दुखणी चालूच होती.

इथे एक गोष्ट पटकन सांगतो, महिनोन्महिने मनावर काळोख असेल तर डॉक्टरकडे जा, त्याने विश्वास कमी ठरत नाही. स्तोत्र 88 शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच आहे, तरी ते बायबलमधून कोणी काढून टाकलेलं नाही.

जाता जाता लूकचा पंधरावा अध्याय. येशूने सांगितलेली गोष्ट, धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो. त्या उधळ्या मुलाबद्दल खूप प्रवचनं होतात, मला मात्र त्याचा थोरला भाऊ जवळचा वाटतो. तो शेतातून दमून येतोय आणि त्याला आधी आवाज ऐकू येतो, गाण्याचा, नाचण्याचा. आत जाऊन बघत नाही, नोकराला विचारतो काय चाललंय. मग बापाला हिशोब दाखवतो, इतकी वर्षं राबतोय आणि मित्रांबरोबर मजा करायला एक करडू सुद्धा दिलं नाहीस. बाप म्हणतो, बाळा, जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे करडू काय, अख्खा गोठा याचाच होता, फक्त हा तो पगारासारखा मिळायची वाट बघत बसलेला. आणि बाप त्याला समजवायला पंगत सोडून बाहेर आलाय हेही बघा, धाकट्यासाठी जसा धावत गेला तसाच. पुढे थोरला आत गेला का, ते येशूने सांगितलंच नाही. गोष्ट तिथेच थांबते, अंगणात दोघं उभे आहेत आणि आतून गाण्याचा आवाज येतोय.