पाच सह्या

[वडसा, संध्याकाळ. टेम्पोवर पेट्या चढताहेत.]

गडचिरोली जिल्ह्यातलं हे वडसा. कागदोपत्री देसाईगंज. धान कापून झालं, मंडईच्या जत्रा आणि बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू झाले की इथल्या नाटक कंपन्या रात्रीमागून रात्र गावोगावी निघतात. नाटक उशिरा उघडतं ते पहाटेपर्यंत चालतं. एका प्रयोगाला इथं ‘नाईट’ म्हणतात.

[बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला मंडप. पडद्यामागं रंगरंगोटी.]

आरशापुढं बसलेल्या या पाचही जणी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या रंगभूमीच्या नटी. थोरलीनं 20 हंगाम काढले, धाकटीचा हा सहावा. चौकातल्या बॅनरवर यांचेच चेहरे मोठे. हिशेबाची वही मात्र कायम दुसऱ्याच्या हातात.

मागं एका लघुपटात या पाच जणींनी कामं केली. शूटिंग यांच्याच अंगणात झालं, युनिटचं जेवण यांच्याच चुलीवर शिजलं. पुढं तो कुठं दाखवला, किती पैसे आले, कुणी सांगितलं नाही. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, “पिक्चर निर्मात्याचा असतो.”

ते खोटं नव्हतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं चित्रपटाचा पहिला हक्क निर्मात्याकडे जातो. मग निर्मात्या आपणच व्हायचं, असं या पाच जणींनी ठरवलं.

[वकिलांची खोली. टेबलावर स्टॅम्प पेपर.]

त्या दुपारी आमचा कॅमेरा इथून हलला नाही.

हा भागीदारीचा करार, 1932 च्या कायद्याखालचा. नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसलेल्या फर्मला, बाहेरच्या कुणी करार मोडला तरी त्यावरून दावा लावता येत नाही. वकिलांनी हे समजावलं तेव्हा थोरली एवढंच म्हणाली, “मंग नोंदनी कराच जी.”

भांडवलाला एकीनं धानाच्या बोनसचे पैसे आणले, दुसरीनं हंगामाची उचल, तिसरीनं बचत गटाचं कर्ज. धाकटीला रक्कम पुरेना. तिचा वाटा लहान करा, असं वकिलांनी सुचवलं. चौघींनी ते ऐकलं नाही. तिची रक्कम येत्या हंगामापर्यंत थांबवली. वाटे पाच, सारखे. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या. आणि एक कलम यांनी सांगून घालून घेतलं: भागीदारीण लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तरी तिचा वाटा तिचाच.

1926 साली मुंबईत फातमा बेगम यांनी स्वतःची चित्रपट कंपनी काढली, चित्रपटही दिग्दर्शित केला. त्याही रंगभूमीवरूनच आलेल्या. हे सांगितलं तेव्हा धाकटीनं ते नाव वहीत लिहून घेतलं.

[सह्या. एकेक हात जवळून.]

[वैनगंगेचा काठ. शूटिंग.]

उन्हाळ्यात पहिला लघुपट झाला. तीन गावांत दाखवला, खर्च निघाला. दोघींना पुढच्या हंगामात नाईट कमी मिळाल्या.

[रात्र. बांधीत पांढरा पडदा. पुढं पोरं, मागं बाया, कडेला सायकली.]

शेवटची पाटी येते. ‘निर्मात्या’, आणि खाली पाच नावं.

खेळ आटोपला की हार्ड डिस्क नाटकाच्या दागिन्यांच्या पेटीत जाते. पेटीची किल्ली आज धाकटीकडं आहे.

[निवेदन थांबतं. पेटीला कुलूप लागल्याचा आवाज.]