शिरोलीत जावयाची वाट

शिरोली एमआयडीसी. पहिली पाळी. शटर वर जातं आणि डिझेल फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलणारी गाडी, दोनदा खोकून सुरू होते. धूर बघा. पत्र्यापर्यंत जातो आणि तिथंच घुटमळतो.

शेतीच्या पंपांसाठी ऑइल इंजिनं बनवून कोल्हापूरच्या उद्यमनगरानं नाव कमावलं. ती इंजिनं डिझेलचीच. आता त्याच गावच्या या फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, डिझेल शेडबाहेर घालवायची घाई झालीय.

(निवेदन थांबेल. ओतकामाचा मूळ आवाज.)

हा पिवळा चौकोन नव्या फोर्कलिफ्टचा. तीन टनी, प्रोपेन वायूवर चालणारी. गाडीचा पत्ता नाही, रंग मात्र दोनदा मारून झालाय. जेवणाच्या सुट्टीत रोजचा प्रश्न, "जावई कधी येणार?" कॅटलॉग आला तेव्हा ओतकामवाल्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, न्याहाळलं. बिडाचं ना ते! त्यात खोट काढल्याशिवाय राहतील ते कोल्हापूरकर कसले.

सरावासाठी टाकी मात्र आधीच आलीय. ती आडवी ठेवतात. घरच्या सिलिंडरमधून वरचा वायू निघतो. इथली नळी आतल्या द्रवात बुडालेली असते. म्हणून टाकी कुठल्याही कुशीवर टाकून चालत नाही. टाकीच्या कड्यातलं भोक गाडीवरच्या खुंटीवर बसलं पाहिजे. मग पट्टा. मग कपलिंग, म्हणजे नळीचा जोड, हातानंच आवळायचं. ड्रायव्हर मामांनी जाड हातमोजे घातलेत, कारण प्रोपेन उणे 42 अंशांनाच उकळतो. उघड्या हातावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते. हा द्रव व्हेपरायझरमध्ये जातो. तिथं इंजिनाचंच गरम पाणी त्याचा वायू करतं, आणि तो वायू इंजिनात जळतो. टाकी संपली की दुसरी चढवायची. बॅटरीच्या गाडीसारखं चार्जिंगला तासन्‌तास उभं राहणं नाही. मामा पट्टा सोडतात, पुन्हा लावतात. आज सकाळपासून कितव्यांदा, ते आम्हीही मोजायचं सोडलं.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, गळला तर खड्ड्यात साचतो. म्हणून टाक्या बाहेर, जाळीत. धुरातली काजळी जाईल, पण विषारी कार्बन मोनॉक्साइड पुरता जात नाही, पंखे लागणारच.

संध्याकाळ. जुनी गाडी शेवटचा पॅलेट ठेवून परत येते. मामा ती चौकोनाच्या कडेला लावतात. पिवळ्या रेषेच्या आत चाक जाऊ देत नाहीत.