दंडावरचा व्रण, छातीतली गाठ

(दृश्य: डावा दंड, अगदी जवळून)

डावी बाही जरा वर सारा. खांद्याच्या खाली एक गोल, किंचित खोलगट व्रण दिसेल. क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या लसीची, बीसीजीची ही खूण. जन्मल्यावर लस टोचली, काही आठवड्यांनी तिथं पुळी आली, पिकली, फुटली, खपली धरली. आई घाबरली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, ‘पिकू द्या, काही लावू नका.’ बाळाचं शरीर तेव्हा क्षयाच्या जंतूच्या एका मवाळ भाऊबंदाची ओळख करून घेत होतं.

हा भाऊबंद फ्रान्समधला. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरां यांनी गाईगुरांच्या क्षयाचा जंतू पित्तात मुरवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नवा काप, असं 230 वेळा. 13 वर्षांनी त्याचा रोग करण्याचा जोर गेला आणि 1921 मध्ये पहिल्या बाळाला लस मिळाली. एवढी चिकाटी मला तरी थक्क करते.

(दृश्य: छातीचा एक्स-रे)

आता छातीच्या आत जाऊ. टीबीचा रुग्ण खोकतो, बारीक थेंब हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर एखादा आपल्या वायुकोशात उतरतो. तिथली भक्षक पेशी जंतूला गिळते. एरवी जंतू एका पिशवीत बंद होतो, पाचक रसांची दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि तो विरघळतो. क्षयाचा जंतू मात्र या दोन पिशव्या एकत्र येऊच देत नाही. ज्या पेशीनं गिळलं, तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो.

काही आठवड्यांनी टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, मदतीला येतात. त्या भक्षक पेशींना बळ देतात आणि सगळ्या मिळून जंतूभोवती दाटीवाटीनं गाठ बांधतात. कोंडलेले काही जंतू मरत नाहीत, पण पसरतही नाहीत. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांना हा संसर्ग झालेला आहे, आणि त्यांतले शंभरात पाच ते दहाच पुढे कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांना ना ताप, ना खोकला. त्यांच्या गाठीनं जंतूंना वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं असतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ही पकड सुटते कशी? एचआयव्ही टी पेशींनाच मारतो. मधुमेह त्यांना दुबळं करतो. संधिवाताची काही औषधं टीएनएफ नावाचा रेणू अडवतात, आणि गाठ टिकते ती याच रेणूच्या जोरावर. म्हणून ती औषधं सुरू करण्याआधी डॉक्टर टीबीची तपासणी करून घेतात.

पण प्रतिकारशक्ती भडकली तरी नुकसानच. आपल्याच पेशींच्या स्रावांनी फुप्फुस विरघळतं, पोकळी पडते, ती श्वासनलिकेत उघडते आणि जंतूंना बाहेरची वाट सापडते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती पाहिल्या की मला ही पोकळी आठवते. शरीराला लागतो तो तोल.

आणि बीसीजी? लहान मुलांना ती मेंदूच्या टीबीपासून वाचवते, म्हणून ती चुकवू नकाच. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपुढे मात्र तिचा भरवसा नाही. तमिळनाडूत चिंगलपेटला 1968 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीनं हे दाखवून दिलं.

(दृश्य: सुपात तांदूळ, शेजारी तूरडाळ)

मग मोठ्यांना आधार कशाचा? आपल्या देशात टीबीला सर्वांत मोठी वाट करून देते ती उपासमार. रिकाम्या पोटी टी पेशी पुरेशा घडत नाहीत, घडल्या तरी नीट लढत नाहीत. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरच्यांना शिधा दिला. मोठ्या माणसामागे महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. 2023 मध्ये निष्कर्ष आले: शिधा मिळालेल्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी कमी होतं. नवी लस नाही, नवं औषध नाही. डाळभात.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. हे पैसे उपचाराच्या पहिल्याच महिन्यात खात्यात पडायला हवेत. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यू खूप कमी झाले, हेही झारखंडच्याच अभ्यासात दिसलं आहे.