फौजेतून दिंडीत

(दृश्य : भुसावळ जंक्शन. फलाटावर उतरवली जाणारी काळी ट्रंक.)

पुणे ते जम्मू धावणारी झेलम एक्स्प्रेस. वाटेत भुसावळ. खानदेशातले कितीतरी फौजी याच फलाटावरून चढले आणि इथंच उतरले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला आर्मी नंबर बघा, त्याखाली नाव, युनिट. सुट्टीवर येणारा माणूस पाठीवर पिट्टू टाकून येतो, ट्रंक तिकडंच राहते. ट्रंक सोबत आली की घ्यायला आलेल्यांना विचारावं लागत नाही. हा आता कायमचा आला.

2022 च्या आधी शिपाई म्हणून भरती झालेल्याला 15 वर्षांच्या नोकरीवर पेन्शन लागू होते. चाळिशीच्या आतबाहेर तो घरी असतो. त्याच वयाचा त्याचा भाऊ केळीच्या नव्या बागेसाठी सोसायटीचं कर्ज काढत असतो, आणि हा 'रिटायर'.

(दृश्य : पहाट. केळीच्या बागांमधली वाट. विठ्ठल मंदिर.)

तापीकाठचं हे गाव. मुक्ताईनगर इथून मोटरसायकलच्या अंतरावर. पहाटेचे साडेचार वाजलेत, काकडा सुरू व्हायचाय. दारात वही घेऊन उभे आहेत ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना मेजर म्हणतं. तसं आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. नाव दाखवू नका, असं त्यांनी सांगितलं, म्हणून आपणही मेजरच म्हणू.

वही जवळून बघा. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, नाव, हजर, रजा, आजारी. युनिटमध्ये रोज संध्याकाळी गिनती व्हायची. एक माणूस कमी भरला तरी तो सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. इथं भजनी मंडळाची गिनती होते. दोन दिवस ज्याच्या नावापुढं खूण नसते, त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी चहाला जातं. या मंडळात माजी सैनिक बरेच आहेत आणि चहाला जायचं काम बहुतेक त्यांच्याकडंच असतं.

देवळात येणं त्यांना नवं नव्हतं. फौजेत मंदिर परेड असते, हे आपल्याला बाहेर बसून ठाऊक नसतं. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी यांची रीतसर नेमणूक होते, धर्मगुरू म्हणून, नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर. रविवारी सगळी पलटण धुतलेल्या कपड्यांत मंदिरात बसते आणि कंपनी कमांडर स्वतः आरतीला उभा राहतो. मेजर तिथं ढोलकी वाजवायचे. गावी आले तेव्हा ढोलकी नव्हती, परेड नव्हती, आणि चार वाजता उघडणारे डोळे तेवढे शिल्लक होते.

(दृश्य : मेजर ओट्यावर बसून बोलताना.)

ते त्या दिवसांबद्दल एवढंच सांगतात. "मले कोनी काही सांगेना, आन् मी सांगलं तं कोनी आयकेना."

बाग भावाच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर. मुलं बापाला सुट्टीपुरती ओळखणारी. आणि खिशात फौजेच्या कॅन्टीनचं कार्ड. माजी सैनिकाला या कार्डावर दर महिन्याला दारूचा ठरावीक कोटा मिळतो. महिना लागला की गावातली ओळख वाढते. चुलत्याला एक, सरपंचाच्या माणसाला एक, उरलेली घरात. हे सरकारी सवलतीबद्दल बोलताना कुणी बोलत नाही, पण फौजीच्या घरातली बाई पहिल्यांदा हेच बोलते.

(दृश्य : ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ. हातांचे जवळून चित्रण.)

एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ. ती अशी ज्ञानेश्वरीवर ठेवतात, पूजा होते, मग मंडळातले ज्येष्ठ वारकरी, ज्यांना सगळे बाबा म्हणतात, ते समोर बसलेल्याला एकेक गोष्ट विचारतात. रोज हरिपाठ होईल? एकादशी धरशील? मांस, दारू सोडशील? वर्षाला पंढरीची एक वारी करशील? प्रत्येक प्रश्नाला मोठ्यानं 'हो' म्हणायचं. सगळ्या मंडळासमोर. मग बाबा माळ गळ्यात घालतात, माळ घेणारा त्यांच्या पाया पडतो आणि बाबा त्याच्या. होय, बाबाही वाकतात. वारकऱ्यांत पाया पडण्याला वयाचा हिशेब नाही.

माळ घातलेल्या माणसाला गावात कुणी "एक पेग होऊन जाऊ द्या मेजर" असं म्हणत नाही, हे माझ्या मते या सगळ्याचं खरं बळ आहे. समुपदेशनाच्या खोलीत बसून माणूस एकटा 'नको' म्हणायला शिकतो. इथं 'नको' त्याच्या वतीनं गळ्यातली माळ म्हणते, आणि ऐकणाराही तिला मान देतो. कॅन्टीनचं कार्ड मेजरांनी टाकून दिलेलं नाही. तेल, साबण, कुकर त्यावरच येतो.

(दृश्य : सातपुड्याची रांग, दुरून.)

मागं निळी दिसते ती सातपुड्याची रांग. हैबतबाबा आरफळकरांची गोष्ट इथून सांगायला हवी. साताऱ्याकडच्या आरफळचा हा माणूस ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होता. आख्यायिका अशी, की कमाई घेऊन गावाकडं निघालेल्या हैबतबाबांना सातपुड्यात भिल्लांनी अडवलं, लुटलं आणि गुहेत कोंडलं. आत बसून त्यांनी हरिपाठ धरला. पुढं नायकाच्या घरी मुलगा जन्मला, त्या आनंदात सुटका झाली, लुटलेलंही परत मिळालं. सुटलेला सरदार मग घरी न जाता आळंदीला गेला आणि तिथलाच झाला.

आख्यायिका बाजूला ठेवा. इतिहासात एवढं पक्कं, की 1832 च्या सुमारास ज्ञानेश्वर माउलींचा आजचा पालखी सोहळा या निवृत्त सरदारानं उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या आणि रथामागच्या. कुणी कुठं चालायचं, कुठं थांबायचं, कधी उठायचं, सगळं ठरलेलं. चोपदारानं दंड वर केला की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. छावणी चालवलेल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचलं असतं? फौजेतून परतलेल्या माणसानं वारीला शिस्त लावली, आणि आज फौजेतून परतलेला माणूस त्याच शिस्तीत जाऊन उभा राहतोय. मेजरांना ही गोष्ट कीर्तनातून कळली. कळल्यावर त्यांनी आणखी दोघांना मंडळात आणलं.

(दृश्य : मुक्ताईची पालखी. कोथळीहून प्रस्थान. ऊन.)

ज्येष्ठ महिना. खानदेशातलं ऊन अजून उतरलेलं नाही. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताईंची पालखी निघते. मानाच्या पालख्यांपैकी ही एक, आणि लांबच्या वाटेची. पाचशे किलोमीटरच्या वर चाल, महिनाभराहून जास्त मुक्काम. राजूर घाट चढून बुलढाणा, पुढं जालना, बीड, आणि आषाढीच्या तोंडावर पंढरपूरजवळची वाखरी.

दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागं वीणा, त्यामागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. हे आपण टीव्हीवर बघतो. टीव्हीवर न दिसणारी दिंडी ट्रकमध्ये असते. भिशीतून भरलेला किराणा, तंबूचे बांबू, पाण्याचा टँकर, चुलखंडाची पत्र्याची भांडी. हा ट्रक पायी चालणाऱ्यांच्या आधी मुक्कामाला पोचायला हवा. मेजर आणि त्यांची माणसं त्याला 'ॲडव्हान्स पार्टी' म्हणतात. जागा बघणं, उतार बघणं, तंबूभोवती चर खणणं, संडासाची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला धरणं. एरवी यावरून दिंडीत वाद व्हायचे. आता होत नाहीत, कारण बांबू कुणी कुठं रोवायचा हे आधीच ठरलेलं असतं. रात्री दोन-दोन तासांचा पहारा. स्वयंपाकाच्या जागेला ते अजून लंगरच म्हणतात, आणि आता दिंडीतल्या म्हाताऱ्याही तेच म्हणायला लागल्यात.

(दृश्य : पायाचा तळवा. सुई-दोरा.)

हे जरा थांबून बघा. फोडाच्या एका कडेनं सुई आत, दुसऱ्या कडेनं बाहेर, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापायची. पाणी दोऱ्यावाटे निथळतं, कातडी फाटत नाही, आणि म्हातारी सकाळी चालायला तयार. वारीतला हा जुना उपाय. मेजरांनी त्यात भर घातली ती सुई आधी ज्योतीवर धरण्याची आणि ज्याला साखर आहे त्याच्या पायाला हात न लावता थेट डॉक्टरकडं पाठवण्याची. तळवा हातात घेतलेला हा माणूस नायक म्हणून निवृत्त झाला. काश्मीरमध्ये होता. कॅमेऱ्यासमोर तो बोलला नाही, पाय मात्र दाखवू दिले.

(दृश्य : मंदिरामागची खोली. कॉम्प्युटर, प्रिंटर, फायली.)

गुरुवारी संध्याकाळी हरिपाठ झाला की ही खोली उघडते. कॅन्टीनच्या पिशवीतून कागद निघतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार, बँकेचं पासबुक. पेन्शन आता 'स्पर्श' पोर्टलवर गेलीय आणि हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ज्याच्या मोबाइलचा कॅमेरा फुटलेला आहे त्यानं काय करायचं, ते पोर्टल सांगत नाही, ही खोली सांगते.

या ताईंचे मालक फौजेत होते, वारले. फॅमिली पेन्शन अडकली. कारण बघा. भरतीनंतर लगेच लग्न झालं, तेव्हा फौजेच्या नोंदीत बायकोचं नाव लागलं ते माहेरचं. सासरी आल्यावर तांदळात नाव काढून नवं ठेवलं, आधारवर ते आलं. कागदाच्या दृष्टीनं या दोन बाया. एकीचा नवरा वारला आणि पेन्शन दुसरी मागतेय. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, तिथून रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. प्रत्येक रेजिमेंटचं दार वेगळं, आणि कुठलं दार कुणाचं हे पलटणीत राहिलेल्यालाच माहीत. मेजर पत्राचा मसुदा हिंदीत सांगतात, कॉलेजचा मुलगा टाइप करतो, ताई अंगठ्याऐवजी आता सही करतात. सुधारित पीपीओ आली. पेन्शन सुरू झाली.

(दृश्य : खोलीबाहेर बसलेले तडवी गृहस्थ, चहा.)

बाहेर बसलेले काका यावल तालुक्यातले, तडवी समाजाचे, मुसलमान. त्यांचा मुलगा फौजेत होता. ते दर गुरुवारी हरिपाठ संपायच्या वेळेला बरोबर येतात. अर्ज भरायला माळेची अट नाही. काकांनी मागच्या खेपेला प्रिंटरची शाई आणून दिली. देवळाच्या खोलीत सरकारी काम कशाला, असं गावात एकदोघं म्हणतात. त्यांनी या कागदांसाठी जळगावचे हेलपाटे मारून बघावेत, एवढंच म्हणतो.

(दृश्य : कीर्तन. रात्र.)

आजच्या कीर्तनात मुक्ताई आहे. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीनं बाहेर उभं राहून त्यांना ती उघडायला लावली. खानदेशातल्या कीर्तनकाराला हा प्रसंग सांगायला निमित्त लागत नाही. पण पुढच्या रांगेत कोण बसलंय हे कीर्तनाला उभ्या असलेल्या बाबांना दिसतं, आणि आज ते या प्रसंगावर नेहमीपेक्षा जास्त रेंगाळले.

ज्यांनी दार उघडलं नाही असेही फौजी या भागात आहेत. माळ घेऊन ती वर्षभरात काढून ठेवणारे आहेत. रात्री दचकून उठणाऱ्याला टाळ पुरत नाही, डॉक्टर लागतो, आणि मंडळ त्याला ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात घेऊन जातं.

(दृश्य : मंदिरामागचं मैदान. धावणारी मुलं.)

आता ही मुलं. सोळाशे मीटर धावणं, बीमवर पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा. शिट्टी मेजरांच्या तोंडात. यांना अग्निवीर व्हायचंय. 2022 मध्ये ही योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार. बाकीच्यांना 11 लाख 71 हजारांच्या आसपास सेवानिधी, पेन्शन नाही. चाळिशीत परतलेल्या माणसाला सांभाळताना गाव दमतं, इथं तेवीस-चोविसाव्या वर्षी ट्रंक घेऊन उतरणारी पोरं असतील. पैसा हातात, कोवळं वय, आणि शरीराला लागलेली पहाटे चारची सवय. सरकारनं यांच्यासाठी इतर दलांत जागा राखल्या आहेत. पण घरी आल्यावर पहिल्या महिन्यात काय, याचं उत्तर जागांच्या जाहिरातीत नसतं.

मंडळाची त्यावर बैठक झाली. माळ घाला, असं या मुलांना कुणी म्हणणार नाही, हे बाबांनीच सांगितलं. या वयात माळ दिली तर ती निभवायला जड जाते. ॲडव्हान्स पार्टीत मात्र त्यांना घ्यायचं ठरलं. तंबू उभारायला माणूस हवाच असतो, आणि वाटेत पंढरपूरपर्यंत बोलायला भरपूर वेळ मिळतो.

(दृश्य : बैठकीत मागं बसलेल्या बायका, मंदिराचा सभामंडप.)

याच बैठकीत मागून एक प्रश्न आला. तो विचारला मेजरांच्या पत्नीनं. नवरे महिनाभर दिंडीत जातात, मोकळे होऊन येतात, आणि घर, बाग, सासू आम्ही बघतो. वीस वर्षं तेच केलं, आता पुन्हा तेच का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग हिशेब मांडला गेला. फौजींच्या घरच्या बायकांची वेगळी नोंद करायची, तंबू एक जास्त, टँकरची एक फेरी जास्त, आणि घरी थांबायची पाळी या वेळी पुरुषांतून लागणार.

दिंडीची भिशी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत भरायची आहे. बायकांच्या नोंदीत पहिलं नाव मेजरांच्या पत्नीचंच लागलंय. मेजर घरी थांबणाऱ्यांच्या यादीत आहेत.