सोबतचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या वर्गात राजकीय संदेश दाखवावा का, आणि पालकांनी त्याला हरकत घ्यावी का, असा आजचा विषय. वेळ थोडा आहे, आणि त्यातला निम्मा एका गोष्टीत जाणार हे आधीच कबूल करतो. ती सांगायला मला फार आवडते.

साल २००९, देश अमेरिका. बराक ओबामांना अध्यक्ष होऊन जेमतेम साडेसात महिने झालेले. उन्हाळी सुट्टी संपवून मुलं शाळेत परतत होती, आणि जाहीर झालं की ८ सप्टेंबरला अध्यक्ष देशभरातल्या शाळकरी मुलांशी बोलणार, वर्गावर्गात पडद्यावर दिसणार. झालं! शाळांचे फोन वाजायला लागले. आमच्या मुलांसमोर राजकारण नको, असं पालक सांगू लागले. फ्लोरिडातल्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनी तर पत्रकच काढलं, की करदात्यांच्या पैशातून हा समाजवादाचा प्रचार चालला आहे. काही शाळांनी भाषण दाखवायचंच नाही असं ठरवलं. काहींनी सांगितलं, ज्यांना नको त्यांनी कळवावं, त्यांच्या मुलांना दुसरीकडे बसवू. आणि लक्षात घ्या, भाषणाचा मजकूर तोवर बाहेर आलेलाच नव्हता.

मग माणसं चिडली कशावर? कागदावर. शिक्षण खात्यानं भाषणासोबत शिक्षकांसाठी एक टिपण काढलं होतं, भाषण झाल्यावर वर्गात मुलांकडून काय करून घ्यायचं त्याचं. त्यात लहान मुलांसाठी एक उपक्रम होता. ‘अध्यक्षांना मदत करण्यासाठी मी काय करू शकतो’ यावर प्रत्येकानं स्वतःलाच पत्र लिहायचं. एवढ्यावर थांबले नाहीत. ती पत्रं बाईंनी गोळा करून ठेवायची आणि पुढे योग्य वेळी ज्याची त्याला परत द्यायची, म्हणजे दिलेला शब्द मुलांच्या लक्षात राहील! आता समजा, तुम्ही या माणसाला मत दिलेलं नाही, आणि तुमची दुसरीतली मुलगी दप्तर टाकून विचारते, ‘बाबा, आपण त्यांना काय मदत करायची?’ काय सांगाल?

खात्यानं ते वाक्य बदललं. अभ्यासातलं माझं ध्येय गाठायला मी काय करीन, असं केलं. बदललं ते एक वाक्य, आणि तेही कागदावरचं. भाषणाचा मजकूरही आदल्या दिवशी सगळ्यांना वाचायला ठेवला. त्यात होतं काय? अभ्यास करा, शाळा सोडू नका, फ्लूची साथ आहे तर हात धूत जा. लहानपणी इंडोनेशियात आई पहाटे साडेचारला उठवून शिकवायची, कुरकुर केली की म्हणायची, मलाही काही हौस नाही रे बाबा! पहाटेच्या अभ्यासाबद्दल माझं मत नेहमीच्या श्रोत्यांना ठाऊक आहे. पुस्तकावर डुलक्या घेणाऱ्या पोरापेक्षा पांघरुणात गाढ झोपलेलं पोर जास्त शिकतं. असो. फ्लोरिडाचे ते पक्षाध्यक्षही मजकूर वाचून म्हणाले, भाषण चांगलं आहे.

पण खरी गंमत त्याच्या १८ वर्षं आधीची. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये थोरले बुश, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्ष, वॉशिंग्टनमधल्या एका शाळेतून असेच देशभरातल्या मुलांशी बोलले होते. तेव्हा आरडाओरडा कुणी केला? डेमोक्रॅट्सनी, म्हणजे ओबामांच्याच पक्षानं! शिक्षण खात्याच्या पैशातून अध्यक्षांची जाहिरात, असं म्हणाले. २६ हजारांहून जास्त डॉलर खर्चले म्हणून चौकशीसुद्धा लावली. १९९१ ला आणि २००९ ला, दोन्ही वेळा ज्यांनी हरकत घेतली असे पालक असतील का? असतील, पण मला वाटतं एका बाकावर मावतील.

तर कागद. पुन्हा सांगतो, कारण हेच इंग्लंडातही घडलं. २००७ साली तिथल्या सरकारनं अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरचा माहितीपट सरकारी माध्यमिक शाळांना पाठवला. केंट परगण्यातले एक लॉरीचालक, दोन मुलांचे वडील, शाळेच्या कारभारी मंडळावर असलेले, तो थांबवा म्हणून थेट कोर्टात गेले. तिथे १९९६ चा शिक्षण कायदा आहे. कुठलाही विषय शिकवताना पक्षपाती राजकीय मताचा प्रचार करायचा नाही, आणि राजकीय मुद्दा निघालाच तर समतोल मांडायचा. न्यायाधीशांनी माहितीपटात नऊ चुका काढल्या, पण मूळ विज्ञान बरोबर आहे, वर्गात दाखवा, असंही सांगितलं. अट एकच, सोबतचं शिक्षकांचं टिपण सुधारा. म्हणजे पडदा तसाच राहिला, बदलला तो इथंही कागदच.

वर्गात हा पडदा आला तेव्हापासून फळ्याची मला फार आठवण येते. फळ्यावर लिहिलेल्या शब्दांशेजारी लिहिणारी बाई उभी असायची, हात खडूनं माखलेले. तिला विचारता यायचं, ‘बाई, हे असं का?’ पडद्याला काय विचारणार! म्हणून पालकांनी शाळेत जावं तेव्हा पडद्यावर काय दाखवणार एवढंच विचारून परत येऊ नये. संपल्यावर मुलांच्या हातात काय देणार, त्यांना काय लिहायला सांगणार, तो कागद मागून घ्यावा. आधी मागावा. नंतर मागितला तर मुलाची वही तपासावी लागते, आणि वहीत काय सापडेल ते तुम्ही जाणताच.

काचेपलीकडून खूण होते आहे. जर्मनीचं राहिलंच, ते दोन वाक्यांत. तिथे १९७६ साली बॉयटेल्सबाख नावाच्या गावात भरलेल्या बैठकीतून शिक्षकांसाठी तीन सूत्रं निघाली. मुलांवर आपलं मत लादू नका, जगात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचंच म्हणून मांडा, आणि तिसरं, आपलं हित कशात आहे हे मुलांना स्वतःला तपासता यावं असं शिकवा. आणि हो, इंग्लंडातल्या त्या लॉरीवाल्या बाबांना माहितीपट काही थांबवता आला नाही, पण खटल्याच्या खर्चाचा दोन तृतीयांश हिस्सा सरकारनं त्यांना द्यावा, असा हुकूम मात्र त्यांनी मिळवला. नमस्कार.